डावी म्हण, डावी!

"बसा मॅडम, करा चालू," ड्रायव्हिंग स्कूलचे भाऊ म्हणाले आणि मी ऐटीत दार उघडून बसले. पट्टा ओढला, पाय पुढे केले, हात वर उचलले. समोर स्टिअरिंगच नव्हतं. हातमोजे ठेवायचा कप्पा होता, त्यावर गणपतीचं स्टिकर होतं. भाऊ बाहेर दार धरून तसेच उभे. जराही न हसता म्हणाले, "इकडं मी बसतो मॅडम. तुमची साईड ती आहे."

पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या बाईची ही सुरुवात.

कॉलेजात असताना मी नागपुरात लूना आणि नंतर स्कूटी दामटली होती, पण कार कधी नाही. लग्न झालं, अमेरिकेत डॅलसजवळच्या एका गावात गेलो आणि कार तिथेच शिकले, रस्त्याच्या उजव्या बाजूने. आई गेल्यावर नरेंद्रनगरच्या घरी बाबा एकटे पडले तेव्हा लेकीला घेऊन परत आले. बाबांची बंद पडायला आलेली व्हॅगन आर दारात होती. तिकडचं लायसन्स दाखवून इथे काय सवलत मिळेल याची चौकशीसुद्धा केली नाही. म्हटलं, हात आणि डोळे दोन्ही उलटे वळलेले आहेत, पहिलीपासूनच बसू या. आधी शिकाऊ लायसन्स, मग निदान तीस दिवस थांबायचं, मग पक्क्याची टेस्ट.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, चिन्हं आणि नियम. पास झाले, पण एक प्रश्न चुकला तो लक्षात राहिला: पुढच्या गाडीला डावीकडून ओव्हरटेक कधी करता येतं? मी ‘कधीच नाही’वर टिचकी मारली. बरोबर उत्तर होतं, पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिला असेल तेव्हा. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "रिंग रोडवर कधीही करता येतं. परीक्षेत सांगत नाहीत इतकंच."

त्याच अभ्यासात हाताच्या इशाऱ्यांची चित्रं होती. सगळे इशारे उजव्या हाताने, कारण चालक उजव्या खिडकीशी बसलेला. मग ज्याचं स्टिअरिंग डावीकडे आहे त्याने काय करायचं? त्याचीही सोय कायद्यात आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 120 वं कलम म्हणतं की डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारं चालू स्थितीतलं यंत्र असल्याशिवाय ती सार्वजनिक जागी चालवता येणार नाही. चालक कुठल्या खिडकीशी बसतो यावर एक अख्खं कलम आहे हे वाचून मला आपल्या चुकीच्या दाराचं जरा कमी वाईट वाटलं.

आता शिकण्याबद्दल. लोक विचारतात, उलट्या बाजूने चालवणं फार अवघड गेलं का? माझा अनुभव असा की जे मला मुळीच येत नव्हतं ते सोपं गेलं. तिकडे माझी गाडी ऑटोमॅटिक होती, त्यामुळे गिअर आणि क्लच नवीनच. डाव्या हाताने गिअर टाकायला मी आठ दिवसांत शिकले, कारण उजव्या हाताने कधी टाकलाच नव्हता, विसरायचं काही नव्हतं. पेडल तर दोन्हीकडे सारखीच असतात, उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर आणि त्याच्या डावीकडे ब्रेक. अवघड गेलं ते न विचारता होणारं.

उदाहरणार्थ इंडिकेटर. तिकडे तो डाव्या हाताशी, आमच्या व्हॅगन आरमध्ये तो उजव्या हाताशी आणि डावीकडे वायपर. तिसऱ्या दिवशी रिंग रोडवर उजवीकडे वळायचं होतं. फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि कोरड्या काचेवर आमचा वायपर कर्र कर्र करत जोरात सुरू. भाऊ थोडा वेळ बघत राहिले, मग खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. "पाऊस येऊन राहिला का मॅडम?"

हे पुढचे तीन आठवडे चाललं. ओमकारनगर चौकातल्या पानठेल्यावरची पोट्टी मला ‘वायपरवाली’ म्हणायची, असं लेकीने नंतर सांगितलं.

दुसरं जे न विचारता व्हायचं ते जास्त धोक्याचं होतं. माझी गाडी सतत डावीकडे सरकायची. मला वाटायचं मी अगदी लेनच्या मधोमध आहे, आणि भाऊ डावीकडे दाराला चिकटून, पोट आत घेऊन बसलेले. याचं कारण मला फार नंतर कळलं. पंधरा वर्षं मी गाडीच्या डाव्या बाजूला बसले होते. म्हणजे लेनच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात मी आणि माझ्या उजवीकडे सगळी गाडी. शरीराने ती जागा पाठ केलेली. आता गाडीत उजवीकडे बसले तरी शरीर लेनमधल्या आपल्या जुन्या जागेवरच जाऊन बसायचं, आणि उरलेली गाडी डावीकडे फुटपाथवर, नालीवर, उभ्या ऑटोवर. माझं नुकसान फार झालं नाही. एकदा संत्र्यांच्या हातगाडीच्या छत्रीला आरसा लागला, छत्री कलली, पाच-सहा संत्री घरंगळत गेली. गाडीवाल्या काकांनी काही न बोलता नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरून संत्री गोळा केली आणि वर दोन डझन विकत घेतली. आंबट निघाली, पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

यावर तोड काढली बाबांनी. बाबा रेल्वेत होते, सेंट्रल रेल्वेला, इटारसी लाईनवर मालगाड्या ओढत त्यांची बरीच वर्षं गेली. हल्ली लोको पायलट म्हणतात, त्यांच्या वेळी ड्रायव्हरच म्हणायचे आणि त्यांना अजून तेच आवडतं. संध्याकाळच्या सरावाला ते माझ्या शेजारी बसायला लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काहून एवढी आखडून बसली? सोपं आहे. तू दुभाजकाजवळ, मी नालीजवळ. मी दुभाजकाजवळ दिसलो की समज आपण दोघंही मेलो."

इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते दोन्ही देशांत खरं आहे. गाडी डावीकडून चालवा नाहीतर उजवीकडून, चालकाची जागा रस्त्याच्या मध्याकडे असते, समोरून येणारा त्याला आधी दिसावा म्हणून. तिकडेही मी पिवळ्या रेघेजवळच बसत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती इंजिनातली. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघं असतात, आणि सिग्नल दिसला की तो मोठ्याने म्हणायचा असतो. असिस्टंट म्हणणार ‘डबल यलो!’, ड्रायव्हर म्हणणार ‘डबल यलो!’ दोघांनाही तो दिसत असतो, तरी म्हणायचं. रात्री तीन वाजता बैतूलच्या घाटात डोळे उघडे असतात पण माणूस झोपलेला असतो, असं बाबा सांगतात. तोंडाने म्हटलं की डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात जातं. तर प्रत्येक वळणाच्या आधी बाबा म्हणायचे, "डावी!" आणि मी म्हणायचं, "डावी!" मगच चाक फिरवायचं. नुसती मान हलवली तर चालायचं नाही. "म्हण ना. तोंड आहे ना तुला? डावी म्हण, डावी!"

लेक मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसायची. चौदा वर्षांची आहे, तिला आमच्या दोघांची लाज वाटायची.

चौकात लाल सिग्नलला मात्र वेगळाच घोळ. तिकडे लाल असला तरी आधी पूर्ण थांबून, पाहून उजवीकडे वळता येतं, मनाईची पाटी नसेल तर. आपल्याकडे उलट, फ्री लेफ्टची पाटी असेल तरच डावीकडे निघायचं. मी मान्यतेची वाट बघत डाव्या लेनमध्ये थांबायचे आणि मागे अर्धं नागपूर हॉर्न वाजवायचं. उन्हाळ्यात आणखी गंमत, दुपारच्या वेळी काही चौकांतले सिग्नल बंदच ठेवतात, दुचाकीवाल्यांना उन्हात ताटकळत उभं राहायला लागू नये म्हणून. चांगली गोष्ट आहे, फक्त नवशिक्याने तेव्हा घरी आंब्याचं पन्हं पीत बसावं.

एक जागा अशी होती जिथे माझी एकदाही चूक झाली नाही, आणि ती म्हणजे सर्कल. भाऊंना याचं फार नवल वाटायचं, कारण त्यांच्या मते सर्कल हाच सगळ्यात अवघड धडा. तिकडे सर्कलला उलटं, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरतात, त्यामुळे मी तिथे हमखास चुकणार असं त्यांनी गृहीत धरलेलं. पण मला सर्कल दिसलं की देऊळ दिसायचं. मधला पुतळा किंवा कारंजं आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणजे प्रदक्षिणाच. टेकडीच्या गणपतीला लहानपणापासून घातलेल्या. उलटी प्रदक्षिणा घालायला माझा पाय उचललाच नसता. खरं तर तिकडे पहिल्या वर्षी मला सर्कलमध्ये शिरताना पाप केल्यासारखं वाटायचं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मार्चचा पहिला आठवडा होता, सकाळी अकराची वेळ. आमच्या गल्लीतून रिंग रोडला डावीकडे लागायचं होतं. रस्ता दुभाजकाचा, म्हणजे या बाजूला येणारी सगळी वाहतूक उजवीकडून. नियमाने आणि भाऊंच्या शिकवणीने मी उजवीकडे पाहायला हवं. पण तिकडची सवय: उजव्या बाजूच्या रहदारीत जवळचा धोका डावीकडून येतो, म्हणून आधी डावीकडे पाहायचं. मान डावीकडे गेली. मला कळलं की चुकलं, भाऊ रागावणार, आता उजवीकडे बघ. आणि त्याच अर्ध्या क्षणात डावीकडून, अगदी कडेला चिकटून, ट्रिपल सीट पोट्टी मोटारसायकलवर सुसाट आली. राँग साईड. मधल्याच्या हातात चहाची पिशवी, तिसऱ्याचा एक पाय हवेत. मी ब्रेक दाबला, भाऊंनीही आपल्या बाजूचा दाबला. त्यांचं हँडल आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावरून गेलं. तिसऱ्याने जाता जाता मलाच हात करून ‘काय आहे?’ असं विचारलं.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही डावीकडं काहून पाहिलं मॅडम?"

"चुकून."

"बरं केलं." मग गाडी कडेला घ्यायला लावली आणि खिशातून खर्रा काढला. "इथं दोन्हीकडं पाहायचं. मी सांगतो पोरांना उजवीकडं पाहा, कारण परीक्षा असते. पण आपण दोन्हीकडं पाहायचं."

मला तेव्हा हसू आलं, रात्री झोप आली नाही. माझ्या चुकीच्या देशाच्या सवयीने तीन पोरं वाचली होती. नीट शिकलेली, नागपुरातच वाढलेली, उजवीकडे बघणारी बाई त्या जागी असती तर काय झालं असतं? त्या रात्रीपासून डाव्या-उजव्याचं हे प्रकरण डोक्यात शिरलं. दोन्हीपैकी कुठली बाजू मुळात जास्त सुरक्षित आहे, असं काही आहे का?

आहे म्हणणारे आहेत. जे. जे. लीमिंग नावाच्या ब्रिटिश रस्ते अभियंत्याने 1969 मध्ये काही देशांची तुलना करून दाखवलं की डावीकडून चालवणाऱ्या देशांत अपघातांचं प्रमाण कमी आहे. कारण म्हणून डोळ्याकडे बोट दाखवलं जातं. बहुतेक माणसांचा उजवा डोळा ‘प्रमुख’ असतो, आणि डावीकडून चालवताना समोरची वाहनं त्याच बाजूने येतात. पण त्याने तपासलेले देश मूठभर, आणि ते 1969 साल. तरी मला राहवलं नाही. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून त्यातून बैठकीतल्या पंख्याकडे पाहायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पंखा जागेवर राहतो तो प्रमुख. बाबांचा उजवा. लेकीचा उजवा. माझा डावा. बाबा म्हणाले, "म्हणून तुला अमेरिका मानवली."

मग मी जगाचे आकडे काढून बसले आणि सगळा सिद्धांत पंख्यासारखा गरगरला. ब्रिटन आणि जपान डावीकडून चालवतात, तिथले रस्त्यावरचे मृत्यू जगातल्या सगळ्यात कमी देशांत मोडतात. थायलंडही डावीकडूनच चालवतो, आणि तो सगळ्यात वाईट देशांत मोडतो. स्वीडन आणि नॉर्वे उजवीकडून, आणि अत्यंत सुरक्षित. अमेरिका उजवीकडून, आणि 2022 मध्ये तिथे 42 हजारांहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी भारतात 1,68,491. लोकसंख्येने भागलं तर दोन्हीकडे लाखामागे साधारण 12 ते 13. मी सोडून आलेला देश आणि परत आलेला देश, बाजू उलट, आकडा जवळपास तोच. हे पाहून मी चाटच पडले. अर्थात त्यात एक मोठी मेख आहे: तिकडे घरटी दोन-दोन गाड्या आणि रोजचं पन्नास-साठ किलोमीटरचं धावणं, इकडे गाड्या त्या मानाने कितीतरी कमी. म्हणजे धावलेल्या किलोमीटरांनी भागाल तर आपण फार मागे आहोत. पण त्याला डावी बाजू जबाबदार नाही, आणि त्यांच्या बऱ्या आकड्याला उजवी बाजूही नाही.

आपल्याकडच्या 2022 च्या सरकारी अहवालात कारणनिहाय तक्ता आहे. अतिवेग सगळ्यात वर, दहातले सात मृत्यू त्यातच. त्याच्याखाली एक ओळ आहे, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे: 9 हजारांहून जास्त मृत्यू. दारू पिऊन चालवल्याने गेलेल्यांच्या दुपटीहून अधिक. देशाने एक बाजू ठरवली, पण दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यायला दोन मिनिटं लागतात म्हणून ती सोडून देणारे हे लोक. ‘डावं-उजवं करू नका’ असं आपण म्हणतो, रस्त्यावर ते फारच मनावर घेतलंय.

वाचताना सगळ्यात जास्त मी रेंगाळले ती स्वीडनवर. तिथे पूर्वी आपल्यासारखंच डावीकडून चालवायचे. गंमत म्हणजे बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच होतं, म्हणजे चालक नालीजवळ आणि शेजारी बसलेला दुभाजकाजवळ. बाबांच्या हिशोबाने दोघंही मेलेले. अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसायचं नाही, शिवाय शेजारचे देश उजवीकडून चालवणारे. 1955 मध्ये लोकांना विचारलं तर सुमारे 83 टक्क्यांनी बदल नको म्हणून सांगितलं. सरकारने तरी केला. 3 सप्टेंबर 1967 चा रविवार, पहाटे 4:50 ला रस्त्यावर होत्या त्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या बाजूला गेल्या, आणि 5 वाजता पुन्हा निघाल्या. एका रात्रीत अख्खा देश माझ्यासारखा झाला. मला वाटलं होतं पुढे हाहाकार लिहिलेला असेल. उलटं झालं. अपघात कमी झाले. सगळेच घाबरलेले, सगळेच हळू, सगळेच मनात ‘उजवी, उजवी’ म्हणणारे. आणि मग साधारण दोन वर्षांत आकडे होते तिथे परत आले. भीती गेली तसा सावधपणाही गेला.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नवीन सेक्शनला ड्रायव्हर कधी सिग्नल चुकवत नाही. पाठ झालेल्या सेक्शनला चुकवतो."

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या देशाने 2009 मध्ये बरोबर उलटं केलं, उजवीकडून डावीकडे आले. कारण सुरक्षेचं नव्हतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात म्हणून. मला हे प्रामाणिक वाटलं.

माझी टेस्ट एप्रिलमध्ये झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उन्हात रांग, गाडी पुढे-मागे घेऊन दाखवणं, इंडिकेटर देताना मी देवाचं नाव घेतलं आणि वायपर लागला नाही. लायसन्स पोस्टाने घरी आलं. भाऊंना पेढे दिले, त्यांनी तर्री पोह्यांची पार्टी मागितली, तीही झाली.

आणि मग जूनमध्ये मी स्वीडन झाले.

तोवर सगळं अंगवळणी पडलं होतं. वायपर शांत, आरसे शाबूत. वर्धा रोडवर, वर मेट्रो आणि मध्ये उड्डाणपूल अशा दुमजली पुलाखालून ऑफिसच्या गर्दीत मी एका हाताने चालवायला लागले होते. बाबा शेजारी बसणं बंद झालं होतं, ‘डावी’ म्हणणंही. गर्दीत चूक होऊच शकत नाही, हे एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे गाडी असते, मागे गाडी असते, मेंढरासारखं त्यांच्यामागे जायचं. चूक होते ती कोणी नसताना.

मावशीला पहाटेच्या गाडीवर सोडून स्टेशनवरून परत येत होते. साडेपाचचा सुमार, रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ते ओले आणि रिकामे. एका आतल्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबले. पंपावरच्या मुलाने काच पुसून दिली. बाहेर पडून मला उजवीकडे वळायचं होतं. इथे उजवीकडे वळायचं म्हणजे आधी जवळची लेन ओलांडायची आणि पलीकडच्या लेनमध्ये जायचं. तिकडे उजवीकडे वळायचं म्हणजे जवळच्या कडेला चिकटून अलगद वळायचं, अगदी सोपं. मी अलगद वळले. इंडिकेटरसुद्धा बरोबर दिला होता.

पन्नास-साठ मीटर मजेत गेले. रेडिओ लावला. समोरून एक दुधाचा टेम्पो आला आणि दिवे मारायला लागला. मी मनात म्हटलं, बघा, सकाळी सकाळी राँग साईड! आणि मोठा हॉर्न दिला. खरंच दिला, चांगला दोन-तीन सेकंद, हक्काने. टेम्पो थांबला. मीही थांबले. कॅनचा एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. टेम्पोवाल्याने खाली उतरून शांतपणे माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "बाई, झोप झाली नाही का?"

तेव्हा मी डावीकडे पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्या पलीकडे रस्त्याचा मध्य होता. दुभाजकाजवळ बाबांची जागा. मी नालीजवळ.

त्याची माफी मागितली, मागे घेतली, बाजू बदलली. पाय इतके थरथरत होते की क्लच सुटून गाडी दोनदा बंद पडली. टेम्पोवाला मी नीट निघेपर्यंत थांबला, हे त्याचे उपकार. तीन महिन्यांपूर्वी त्या ट्रिपल सीट पोरांबद्दल मी केवढं बोलले होते! त्यांना निदान ठाऊक होतं की आपण राँग साईडला आहोत.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी चहा ठेवला, मग टेबलाच्या खणातून पांढरी चिकटपट्टी काढली, बॉलपेनने तिच्यावर ‘डावी’ लिहिलं, बाण काढला आणि खाली जाऊन स्पीडोमीटरच्या काचेखाली चिकटवून आले. अजून आहे ती. ऊन लागून कडा पिवळ्या पडल्यात. पंपावरून, पार्किंगमधून, रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना मी ती मोठ्याने वाचते. शेजारी कोणी असलं तरी वाचते. लेक आता सोबत म्हणते, कानातलं न काढता.

पुढच्या महिन्यात तिकडचं घर विकायच्या कामासाठी तीन आठवडे डॅलसला जाते आहे. विमानतळावरून गाडी भाड्याने घ्यायची आहे, एवढ्या लांबच्या प्रवासाची झोप डोळ्यांवर असताना. काल रात्री बॅग भरत होते तर बाबा चिकटपट्टीचं रीळ घेऊन दारात उभे.

"उजवी लिहू का राईट?"

"उजवी," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, बाण काढला, दातांनी तोडून पासपोर्टच्या कव्हरवर आतून चिकटवलं. मग पुन्हा उघडून पाहिलं, बाणाचं टोक कुणीकडे आहे ते.